न आलेल्या वादळाचा शोध

‘बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा तयार झाला आहे,’ एवढं एक वाक्य बातम्यांत ऐकलं की आमच्या नायगावात माणसं सोयाबीनच्या गंजीकडं धावतात. ताडपत्री कुठं ठेवली, मळणीयंत्रवाला उद्या येईल का, याची चौकशी सुरू होते. नांदेड जिल्ह्यातल्या या तालुक्याला समुद्र माहीत आहे तो असा, बातमीतून आणि पावसातून. पूर्वेचा किनारा आमच्यापासून सरळ रेषेत पाचशे किलोमीटरच्या आसपास आणि पश्चिमेचाही जवळपास तेवढाच. दोन समुद्रांच्या मधोमध बसलेलं हे गाव आहे. लाट पाहिलेली माणसं इथं थोडी, पण आमच्या शिवारात पडणारा प्रत्येक थेंब त्या दोन समुद्रांपैकी एकाचा असतो.

३ जून २०२० च्या दिवशी मात्र सगळं गाव समुद्राकडं डोळे लावून बसलं होतं. ‘निसर्ग’ नावाचं चक्रीवादळ अरबी समुद्रातून मुंबईच्या रोखानं निघालं होतं. टाळेबंदीचे दिवस होते. ज्यांची पोरं मुंबईहून परतली होती त्यांच्या जिवात जीव होता. ज्यांची तिथंच अडकली होती त्यांचे फोन दर तासाला चालू होते. त्या गडबडीत एक आकडा ठिकठिकाणी वर येत होता. ६ जून १८८२ : मुंबईचं महावादळ : एक लाख मृत.

मी मुलांना स्पर्धापरीक्षेसाठी सामान्यज्ञान शिकवतो. आकडा दिसला की वहीत टिपून ठेवायचा, ही जुनी सवय. तोही टिपला. दुसऱ्या दिवशी फोनवरून मुलांना लिहूनही दिला. वादळ मुंबईला टाळून अलिबाग-श्रीवर्धनच्या बाजूला धडकलं, कोकणातल्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या, घरांवरचे पत्रे उडाले. काही दिवसांनी टीव्हीवरची बातमी बदलली. वहीतला आकडा तसाच राहिला.

नंतर एका रात्री तो आकडा मला टोचू लागला. त्याचं कारण समुद्रात नव्हतं, आमच्या शेजारच्या लातूर जिल्ह्यात होतं.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट मराठवाड्यात कोणी विसरलेलं नाही. गणपती विसर्जनानंतरची ती रात्र, तीन वाजून छप्पन्न मिनिटांचा तो हादरा. किल्लारी, सास्तूर आणि आसपासची बावन्न गावं जमीनदोस्त झाली; सुमारे दहा हजार माणसं गेली. दहा हजार माणसं गेली म्हणजे काय होतं, ते आम्ही पाहिलं आहे. सामूहिक चिता पेटतात. गावंच्या गावं उठून दुसरीकडं वसतात. पोरकी झालेली मुलं शिकायला पुण्याला जातात. स्मारकं उभी राहतात, दर वर्षी तिथं फुलं वाहिली जातात. तीस वर्षांनंतरही चावडीवर कोणी ‘भूकंपाच्या आधी’ म्हणालं तर कोणता भूकंप, हे विचारावं लागत नाही.

मुंबईचे एक लाख म्हणजे अशा दहा किल्लारी एका दिवसात. मग त्या वादळाचं स्मारक कुठं आहे? त्यात वाहून गेलेल्या एखाद्या कोळीवाड्याचं नाव का ऐकलं नाही? ‘तुफानाच्या साली’ असं बोलणारी म्हातारी माणसं मुंबईत कधी काळी होती का? एका मराठी घरात तरी त्या वादळात गेलेल्या पणजोबांची गोष्ट सांगितली जाते का?

या प्रश्नाच्या मागं लागलो तेव्हा कळलं, की हाच प्रश्न माझ्याआधी एका कादंबरीकारानं विचारला होता, आणि त्याचं उत्तर शोधूनही काढलं होतं.

अमिताव घोष या लेखकाच्या आयुष्यात वादळ फार आधी येऊन गेलं होतं. १७ मार्च १९७८ ला ते दिल्ली विद्यापीठात शिकत होते. त्या दिवशी मौरिस नगर भागावर आकाशातून सोंडेसारखा वावटळीचा खांब उतरला. घोष एका इमारतीच्या आडोशाला अंग चोरून बसले, आणि सायकली, स्कूटरी, टपऱ्या हवेत भिरभिरताना त्यांनी पाहिल्या. काही मिनिटांच्या त्या तांडवात तीस जणांचे प्राण गेले. पुढं त्यांनी त्या दिवसांच्या वर्तमानपत्रांची कात्रणं पुन्हा पुन्हा चाळली. दिल्लीत असं काही कधी घडलं नव्हतं, त्यामुळं या प्रकाराला म्हणायचं तरी काय, हेही बातमीदारांना आधी कळत नव्हतं. पण बातमी होती, पहिल्या पानावर होती. एवढं तरी त्यातून पक्कं ठरलं होतं : तीस माणसं मेली, तरी वादळ कागदावर ठसा ठेवून जातं.

२०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द ग्रेट डिरेंजमेंट’ या पुस्तकाच्या निमित्तानं घोष मुंबईच्या नकाशाकडं पाहत होते. सात बेटांच्या मधल्या खाड्या आणि दलदली बुजवून केलेलं शहर, तिन्ही बाजूंनी पाणी, आणि अगदी पाण्याच्या काठावर दाटलेली वस्ती. २०१२ मध्ये सँडी वादळानं न्यूयॉर्कचे भुयारी रेल्वेमार्ग बुडवले होते. त्या वादळावर पुस्तक लिहिणारे कोलंबिया विद्यापीठातले हवामानशास्त्रज्ञ अ‍ॅडम सोबेल यांच्याकडं घोष यांनी विचारणा केली : असं वादळ मुंबईवर येऊ शकेल का?

शास्त्रज्ञ अशा प्रश्नाचं उत्तर देण्याआधी मागं वळून पाहतो. पूर्वी कधी आलं होतं? मागं वळताच वाटेत उभं होतं ते १८८२ चं महावादळ, एक लाख मृतांसह. जगातल्या सर्वांत प्राणघातक चक्रीवादळांच्या यादीत त्याचं नाव होतं. एका यादीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत ते उतरत आलं होतं. तारीखही बेमालूम होती. अरबी समुद्रातली वादळं बहुधा मान्सूनच्या तोंडावर, म्हणजे मे-जूनमध्ये येतात, नाहीतर मान्सून परतल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. ६ जून त्यात चपखल बसते. समुद्र जाणणाऱ्या माणसालाही ती खटकली नसती.

घोष यांनी यादीवर विश्वास ठेवला नाही. ते त्या दिवसांच्या वर्तमानपत्रांकडं गेले. जून १८८२ च्या आरंभी मुंबईत जोराचा वारा सुटल्याची आणि दणकून पाऊस झाल्याची नोंद मिळाली. जीवितहानीची मिळाली नाही. एक लाखाची नाही आणि शंभराचीही नाही.

या जागी थांबून आपण १८८२ ची मुंबई डोळ्यांसमोर आणली पाहिजे, कारण शोधाचं खरं बळ तिथं आहे. ती काही नोंदी न ठेवणारी, जगापासून तुटलेली वस्ती नव्हती. कुलाब्याची वेधशाळा १८२६ पासून उभी होती. वायुभारमापकातला पारा किती उतरला, वारा कोणत्या दिशेचा, पाऊस किती, याच्या नोंदी तिथं रोजच्या रोज होत होत्या. १८६४ च्या ऑक्टोबरात कोलकात्यावर भयंकर चक्रीवादळ आलं होतं, त्यानंतर काही वर्षांतच ओरिसा आणि बंगालात दुष्काळ पडले. त्या धड्यांतून १८७५ मध्ये भारतीय हवामान खातं सुरू झालं होतं. जानेवारी १८८२ मध्ये मुंबईत टेलिफोन एक्स्चेंज उघडलं होतं. तारायंत्र होतं, बोरीबंदरला नव्या स्थानकाची भव्य इमारत चढत होती. इंग्रजी, मराठी, गुजराती वर्तमानपत्रं रोज आणि दर आठवड्याला निघत होती. शहरात आठवड्याला किती माणसं कोणत्या रोगानं मेली, याची गणती पालिका करत होती.

आता मराठी माणसाच्या ओळखीचा एक धागा घ्या. पुण्याचा ‘केसरी’ तेव्हा दीड वर्षाचा होता. कोल्हापूरचे दिवाण बर्वे यांच्या बदनामीच्या खटल्यात टिळक आणि आगरकर यांच्यावर मुंबईच्या उच्च न्यायालयात सुनावणी झाली ती जुलै १८८२ मध्ये. चार महिन्यांची शिक्षा झाली, दोघांना डोंगरीच्या तुरुंगात नेलं. आगरकरांनी त्या एकशे एक दिवसांवर पुस्तक लिहिलं ते प्रसिद्धच आहे. म्हणजे त्या कथित प्रलयानंतर सहा आठवड्यांच्या आत त्याच शहरात न्यायालय भरत होतं, वकील युक्तिवाद करत होते, आणि एका बदनामीच्या खटल्यानं सगळा मुलूख ढवळून निघाला होता. दर आठ माणसांतलं एक माणूस ज्या शहरात नुकतंच बुडून मेलं, तिथं हे कसं घडेल?

दर आठांत एक, हा हिशेब जनगणनेचा आहे. १८८१ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या ७,७३,१९६ होती. १८९१ मध्ये ती ८,२१,७६४ झाली. कोणी म्हणेल, मुंबईत बाहेरून लोंढे येतात, पडलेला खड्डा भरून निघाला असेल. पण मुंबईच्या जनगणनेला खड्डा दाखवता येतो, हे त्याच्या पुढच्या दशकानं सिद्ध केलं. १८९६ मध्ये प्लेग आला, माणसं पटापट मेली, हजारो शहर सोडून पळाली. आणि १९०१ च्या जनगणनेत आकडा ७,७६,००६ पर्यंत खाली आला. प्लेगचा व्रण आकड्यांवर दिसतो, कायद्यांवर दिसतो, रस्त्यांच्या आखणीवर दिसतो, मराठी आत्मचरित्रांत तर पानोपानी दिसतो. १८८२ च्या वादळाचा एकही व्रण कुठं नाही.

तरीही मला सर्वांत ठाम पुरावा वाटला तो एका बोटीचा.

त्या कथित वादळानंतर सहाच वर्षांनी, ८ नोव्हेंबर १८८८ रोजी, ‘वैतरणा’ नावाची आगबोट कच्छमधल्या मांडवीहून मुंबईला निघाली. बोट नवी होती, १८८५ मध्ये बांधलेली. तिच्यावर विजेचे दिवे होते म्हणून लोक तिला ‘वीजळी’ म्हणत. लग्नाची वऱ्हाडं होती, मुंबईला मॅट्रिकच्या परीक्षेला निघालेली मुलं होती. सातशेहून अधिक माणसं. सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ तिला वादळानं गाठलं आणि ती नाहीशी झाली. ना माणूस सापडला, ना बोट.

त्या सातशे माणसांनी मागं काय काय ठेवलं पाहा. मुंबई सरकारनं चौकशी बसवली. संकटकाळी लागणाऱ्या होड्या आणि जीवरक्षक साधनं बोटीवर पुरेशी नव्हती, हे पुढं आलं. वर्तमानपत्रं त्या बातम्यांनी भरली. आणि गुजरातीत कप्तान हाजी कासमचं नाव गुंफलेली लोकगीतं जन्माला आली. त्या किनाऱ्यावर ती अजून गायली जातात. आपल्याकडंही तेच. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडं निघालेली ‘रामदास’ बोट पावसाळी समुद्रात काश्याच्या खडकाजवळ उलटली, सहाशेहून अधिक माणसं गेली. रेवस-अलिबागच्या पट्ट्यात ती अवस अजून घरोघर आठवणीत आहे.

सातशे माणसं बुडाली तर गीत उरतं. सहाशे बुडाली तर एक तिथी काळी पडते. मग एक लाख माणसं बुडाली, आणि कोणाच्या ओठावर एक ओळही उरली नाही?

२०१९ मध्ये सोबेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा शोधनिबंध ‘मंथली वेदर रिव्ह्यू’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात अमेरिकेतल्या संशोधकांबरोबर पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेतले शास्त्रज्ञही होते. मुंबईला चक्रीवादळाचा धोका किती, हा निबंधाचा विषय. त्यासाठी त्यांनी इतिहासातल्या नोंदी तपासल्या आणि निष्कर्ष स्वच्छ लिहिला : १८८२ चं मुंबईचं महावादळ घडलेलं नाही. शंभराहून अधिक वर्षांपूर्वीचं एक वादळ शास्त्रीय नोंदीतून खोडलं गेलं.

एवढ्यावर ही गोष्ट संपली असती तर ती एका चुकीच्या दुरुस्तीची गोष्ट झाली असती. पण एक खोटं वादळ बाजूला सारताच त्याच्या आड दडलेली खरी वादळं दिसू लागतात.

मे १६१८. वसईवर पोर्तुगीजांचा अंमल होता. संध्याकाळी आभाळ दाटून आलं, रात्री वाऱ्यानं रूप बदललं. समुद्र चढत आला. मठांची आणि चर्चची छपरं उडाली, माडांच्या बागा झोपल्या. साठ गलबतं आणि दोन हजार माणसं गेल्याची नोंद आहे. त्याच वसईच्या खाडीकाठी आमच्या गावाच्या नावाचं एक नायगाव आहे. हे वाचेपर्यंत माझ्यासाठी ते लोकलच्या मार्गावरचं एक स्थानक होतं. आता ते नाव कानावर आलं की मला ती रात्र आठवते.

मग १७८३ चं वादळ, ज्यात मुंबई बंदरातच चारशे माणसं बुडाली. मग नोव्हेंबर १८५४ चा आरंभ. रेल्वे सुरू होऊन दीड वर्ष झालं होतं. वादळ चार तास घोंगावलं. सुमारे हजार माणसं मेली, पाच लाख पौंडांची मालमत्ता गेली. हे हजार लोक खरे होते. त्यांची प्रेतं खरोखर किनाऱ्याला लागली होती. तरी स्पर्धापरीक्षेच्या कोणत्याही पुस्तकात मी त्यांचा उल्लेख पाहिलेला नाही, कारण एक लाखाच्या शेजारी एक हजार ही संख्या कोणाच्या डोळ्यांत भरत नाही. खोट्या आकड्याचा खरा गुन्हा मला हा वाटतो. त्यानं न मेलेल्या माणसांसाठी जागा अडवली आणि खरोखर मेलेल्यांना विस्मरणात लोटलं.

दुसरा गुन्हा पुढच्या काळाचा आहे. ‘शंभर-सव्वाशे वर्षांत एकदा आलं, ते येऊन गेलं,’ असं मन स्वतःला समजावतं. सोबेल यांच्या गटानं गणिती प्रतिमानांतून असंख्य संभाव्य वादळं चालवून पाहिली. मुंबईवर तीव्र वादळ थेट येण्याची शक्यता कमी आहे, कारण अरबी समुद्रातली बहुतेक वादळं ओमानकडं किंवा गुजरातकडं वळतात. पण कमी म्हणजे शून्य नव्हे. निबंध आला त्याच्या पुढच्याच वर्षी ‘निसर्ग’ वळून कोकणात शिरलं. त्याच्या पुढच्या मे महिन्यात, २०२१ मध्ये, ‘तौक्ते’ मुंबईच्या किनाऱ्याला समांतर गुजरातकडं गेलं, आणि त्या वादळात मुंबईपासून दूर समुद्रात तेलक्षेत्राजवळचं पी-३०५ हे बार्ज बुडालं. वर २६१ माणसं होती. रात्रभर पाण्यात तरंगणाऱ्या माणसांना शोधत नौदलानं १८६ जणांना वाचवलं. बाकीची आली नाहीत. पोटासाठी देशाच्या कानाकोपऱ्यांतून आलेले कामगार होते ते. समुद्रापासून दूर, आमच्यासारख्या गावांत वाढलेलेही त्यांत होते.

कोकणातल्या नाखव्यांचं शहाणपण या सगळ्याहून जुनं आहे. ज्येष्ठात वारं फिरलं की गलबतं किनाऱ्यावर ओढायची, झावळ्यांनी शाकारायची, आणि नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहिल्याशिवाय पुन्हा पाण्यात घालायची नाहीत. हा नियम कोणा यादीतून आलेला नाही. मागच्या पिढीतलं कोण कोणत्या पाण्यात गेलं, याची आठवण घरात जिवंत राहिली, त्या आठवणीनं तो नियम घालून दिला. आठवण खरी असेल तरच ती पुढच्या माणसाला वाचवते.

मी वही काढली. ‘६ जून १८८२’ च्या ओळीवर आडवी रेघ मारली. खाली लिहिलं : मे १६१८, वसई, दोन हजार. नोव्हेंबर १८५४, मुंबई, सुमारे एक हजार. नोव्हेंबर १८८८, ‘वीजळी’, सातशेहून अधिक. मे २०२१, पी-३०५. मग ज्या मुलांना तो आकडा लिहून दिला होता त्यांना बोलावून रेघ का मारली ते सांगितलं.

मुलं किल्लारीनंतर जन्मलेली. पण त्यांच्या घरी ती पहाट सांगितली जाते. त्यातल्या एकीनं विचारलं, “सर, मग उद्या कोणी किल्लारीत लाख माणसं मेली म्हणून लिहिलं तर?”

“तर तू सांगायचं, की नाही,” मी म्हणालो. “आणि कोणी शंभरच मेली म्हणालं, तरीही.”

तिनं मान हलवली आणि वसईची ओळ वहीत उतरवून घेतली.